कायनाइट: निळं पातं हातात घेऊन वाचायचं कसं

महाराष्ट्रात खनिजं जमवणाऱ्याची सुरुवात बहुधा झिओलाइटपासून होते. विहीर खणताना किंवा खडीच्या खाणीत सुरुंग लागला की काळ्या पाषाणात पोकळी उघडते, आणि आत स्टिलबाइटचे पंखे, अ‍ॅपोफिलाइटचे पाणीदार ठोकळे. कुणीतरी आत बसून पैलू पाडावेत इतके साफ. माझीही नजर त्यावरच तयार झाली होती. त्यामुळे पहिला कायनाइट हातात आला तेव्हा मी खट्टू झालो. रंग सुंदर, पण पाती वाकडी, टोकं तुटकी, आणि सगळं चंदेरी दगडात अर्धं रुतलेलं. म्हटलं, दगड जरा बाजूला केला की आतलं पातं अखंड मिळेल. बारीक छिन्नी लावली. पात्याचे दोन तुकडे झाले, मग पाच, आणि शेवटी वर्तमानपत्रावर निळा भुगा उरला.

चूक छिन्नीची नव्हती, अपेक्षेची होती. झिओलाइट पोकळीत वाढतं. चहूबाजूंनी मोकळी जागा, वाहतं पाणी, हवी तशी टोकं काढायला मुभा. कायनाइट घट्ट खडकाच्या पोटात वाढतं. त्याला जागा कुणी दिलेली नसते. शेजारच्या कणांना खाऊन, ढकलून, वेढून ते ती मिळवतं. त्यामुळे त्याचं वाकणं, रुतणं, तुटणं हे दोष नाहीत, ती त्याची जन्मपत्रिका आहे. ती वाचता आली की नमुना निवडणं, ओळखणं, धुणं, ठेवणं या बाकीच्या गोष्टी आपोआप जमतात.

आधी जन्म समजून घ्या

कायनाइटची सुरुवात चिखलात होते. खडक झिजतो तेव्हा सोडियम, कॅल्शियम, पोटॅशियम बऱ्याच प्रमाणात पाण्याबरोबर निघून जातात. ॲल्युमिनियम मात्र हट्टाने मागे राहतं आणि चिकणमातीत साठतं. ही माती समुद्राच्या तळाशी थरावर थर बसून शेल होते. पुढे दोन भूखंड एकमेकांवर रेटले जातात, पर्वत उभे राहू लागतात, आणि तो जुना चिखल कित्येक किलोमीटर खाली ढकलला जातो. तिथे तो वितळत नाही. घन अवस्थेतच भाजत आणि दाबला जात राहतो. आधी पाटीचा दगड, मग अभ्रकाचे पापुद्रे एका दिशेने लागून चमकणारा शिस्ट. आपल्या पाठ्यपुस्तकांत यालाच सुभाजा म्हणतात. मातीतलं पाणी हळूहळू बाहेर पडतं आणि उरलेले घटक नव्या जोड्या जमवतात. आधी गार्नेट, मग तपकिरी स्टॉरोलाइट, आणि पुढे कायनाइट. एक नेहमीची प्रक्रिया अशी: स्टॉरोलाइट, पांढरं अभ्रक आणि क्वार्ट्झ एकत्र येऊन गार्नेट, काळं अभ्रक, कायनाइट आणि पाणी तयार होतं. म्हणूनच एकाच दगडात ही मंडळी बरोबर दिसतात.

कायनाइटला दोन सख्खी भावंडं आहेत, अँडालुसाइट आणि सिलिमनाइट. रासायनिक सूत्र तिघांचं अगदी एक: दोन ॲल्युमिनियम, एक सिलिकॉन, पाच ऑक्सिजन. फरक फक्त अणू बसण्याच्या पद्धतीत. लोकलच्या डब्यात गर्दी वाढली की तिघांच्या बाकावर चौथा मावतो, तसंच हे. कायनाइटमध्ये प्रत्येक ॲल्युमिनियमभोवती सहा ऑक्सिजन बसवलेले असतात. अँडालुसाइटमध्ये निम्म्या ॲल्युमिनियमना पाचच मिळतात, सिलिमनाइटमध्ये चार. म्हणून तिघांत कायनाइट सर्वांत दाट, घनता साधारण ३.५३ ते ३.६७. सिलिमनाइट ३.२५च्या आसपास, अँडालुसाइट ३.१५च्या. दाब जास्त असेल तिथे दाटीवाटीने बसणाऱ्याचं फावतं. दाब कमी असेल तर अँडालुसाइट, उष्णता फार वाढली तर सिलिमनाइट. तिघं एकत्र नांदू शकतील असा बिंदू साधारण ५०० अंश सेल्सिअस आणि ४ किलोबारच्या आसपास येतो, म्हणजे जमिनीखाली सुमारे १४-१५ किलोमीटर. उत्तम कायनाइट-शिस्ट यापेक्षाही खोल, २० किलोमीटर किंवा जास्त खोलीवर आणि ६०० अंशांच्या पुढे तयार झालेले असतात.

मग वर येताना ते पुन्हा अँडालुसाइट का होत नाही? कधी कधी होतं. पण बहुतेक वेळा वर येईपर्यंत खडक थंडावलेला असतो, पाणी केव्हाच निघून गेलेलं असतं, आणि अणूंना हलण्याइतकं बळ उरत नाही. कायनाइट तसंच गोठून राहतं. हातातला तुकडा २० किलोमीटर खोलीचा दाखला आहे तो यामुळेच.

हे सगळं दगडावरून वाचता येतं हे दाखवलं जॉर्ज बॅरो या भूवैज्ञानिकाने, १८९३मध्ये, स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात नकाशे बनवताना. एका दिशेने चालत गेलं की शिस्टमधली खनिजं ठरावीक क्रमाने बदलतात हे त्याच्या लक्षात आलं: गार्नेट, स्टॉरोलाइट, कायनाइट, सिलिमनाइट. उष्णतेचं कारण त्याने घुसलेल्या ग्रॅनाइटसारख्या खडकात शोधलं, ते पुढे अपुरं ठरलं. पण क्रम टिकला आणि आजही जगभर त्या पट्ट्यांना बॅरोचंच नाव आहे.

उजेडात धरा

पहिली पायरी डोळ्यांची. खिडकीजवळ जा, ट्यूबलाइटखाली नको. दहापट मोठं दाखवणारं भिंग पुरे.

कायनाइटचा स्फटिक म्हणजे चपटं, लांबट पातं. सुरीच्या पात्यासारखं, क्वचित बोटाएवढं रुंद. रुंद बाजूवर मोत्यासारखी चमक असते, कारण त्याच पृष्ठाला समांतर ते अगदी सहज फुटतं. निळा रंग सहसा सपाट नसतो. मधोमध शाईची रेघ ओढावी तसा गडद पट्टा आणि कडांकडे फिकट, राखाडी, कधी पांढरं. हा रंग लोह आणि टायटॅनियम यांच्या सूक्ष्म अंशामुळे येतो. स्फटिक वाढत असताना भोवतालचं रसायन बदललं की रंगही बदलतो. नीलमाचा निळाही याच जोडीचा. हिरवट, पांढरे, राखाडी कायनाइट भरपूर आहेत, आणि टांझानियात मँगनीजमुळे नारिंगी झालेले मिळतात. नाव मात्र निळ्यावरूनच पडलं, ग्रीक ‘क्यानोस’ या गडद निळ्याच्या शब्दापासून. १७८९मध्ये वेर्नर या जर्मन अभ्यासकाने ते दिलं.

आता पातं तिरकं करा. लांबीला आडव्या, बारीक रेषा किंवा भेगा दिसतील. दगड दाबला जात असताना पात्याचे अतिसूक्ष्म थर पत्त्यांच्या गड्डीसारखे एकमेकांवरून सरकतात, म्हणून अख्खं पातं न तुटता वाकू शकतं. वाकलेला कायनाइट मला तर सरळ पात्यापेक्षा जास्त आवडतो. विक्रेते त्याला स्वस्तात देतात, हा त्यांचा प्रश्न.

दगडाकडेही बघा. अभ्रकाचे पापुद्रे पात्याला वळसा घालून जात असतील तर पातं आधीपासून तिथे होतं आणि दाब नंतरही चालू राहिला. पातं पापुद्र्यांना सरळ छेदून आडवं गेलं असेल तर ते नंतर वाढलं, दाब ओसरल्यावर, उष्णता शिल्लक असताना. पात्याच्या पोटात गार्नेटचा लाल दाणा अडकला असेल तर गार्नेट आधीचं. एवढं वाचलं की हातभर लांबीच्या सुट्या पात्यापेक्षा मूठभर शिस्ट जास्त बोलका का, ते कळतं.

चाकूची परीक्षा

कायनाइटचं जुनं नाव ‘डिस्थीन’, म्हणजे दोन बळांचं. का ते स्वतः करून बघण्यासारखं आहे.

एखादा तुटका, बिनमहत्त्वाचा तुकडा घ्या. चांगल्या नमुन्यावर हे करायचं नाही. साधा पेनचाकू घ्या, त्याच्या पोलादाचं काठिण्य (खनिजांच्या १ ते १० या मोहस् मापावर) साधारण ५.५. पात्याच्या रुंद पृष्ठावर टोक लांबीच्या दिशेने दाबून ओढा. टोक किंचित रुतल्यासारखं वाटेल आणि मागे पांढरी रेघ उरेल. आता त्याच पृष्ठावर, तोच जोर ठेवून, आडवं ओढा. या वेळी टोक काचेवरून घसरावं तसं निसटतं आणि मागे करडी, चमकदार रेघ राहते. ओल्या बोटाने पुसा. पांढरी रेघ जात नाही, तो ओरखडा आहे. करडी पुसली जाते, कारण ती दगडाची नाहीच. दगडाने चाकूचं पोलाद घासून घेतलं. लांबीच्या दिशेने काठिण्य ४.५ ते ५, आडवं ६.५ ते ७. एकाच पृष्ठावर इतका फरक दाखवणारं दुसरं खनिज संग्राहकाच्या हाती सहसा येत नाही. बाकी सगळ्या शंका एका बाजूला आणि ही परीक्षा एका बाजूला.

वजनाची परीक्षा

सुटा तुकडा असेल, दगड चिकटलेला नसेल, तर घनता घरीच काढा. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पुरतो, दशांश ग्रॅम दाखवणारा असेल तर उत्तमच. आधी तुकड्याचं कोरडं वजन. मग काट्यावर अर्धा पेला पाणी ठेवून आकडा शून्य करा. तुकडा शिवणाच्या दोऱ्याने बांधून पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला किंवा काचेला टेकू देऊ नका. काटा जो आकडा दाखवील तेवढं त्याचं आकारमान, घनसेंटिमीटरमध्ये. समजा कोरडं वजन ७२ ग्रॅम आणि पाण्यातला आकडा २०. बहात्तर भागिले वीस, ३.६. कायनाइट. भेगांत अडकलेले हवेचे बुडबुडे आकडा बिघडवतात, म्हणून तुकडा आधी थोडा वेळ पाण्यात भिजवून, हलवून घ्या. २.६ आलं तर क्वार्ट्झ, २.७च्या जवळपास आलं तर अक्वामरीनचा संशय घ्या, ३.१च्या आसपास टूर्मलीन, आणि ४.० आलं तर अभिनंदन, तो नीलम असू शकतो.

उलटा प्रकार जास्त घडतो. राशीच्या खड्यांच्या बाजारात निळा कायनाइट नीलम म्हणून गळ्यात मारला जातो. खडा अंगठीत जडवला असेल तर घनता काढता येत नाही. रत्नपरीक्षकाकडे अपवर्तनांक, म्हणजे खड्यात शिरताना प्रकाश किती वळतो त्याचं माप, तपासून घ्यायचा. कायनाइटचा १.७१ ते १.७३, नीलमचा १.७६ ते १.७७. यात ‘जवळपास सारखाच’ म्हणणाऱ्याकडून खडा घेऊ नका.

काच लगेच कळते: आत गोल बुडबुडे, फुटलेल्या ठिकाणी शिंपल्यासारखे वाटोळे खळगे, आणि सपाट पाटनपृष्ठं, म्हणजे खनिज ठरावीक दिशेने सहज फुटल्यावर दिसणारी पृष्ठं, नाहीत. निळ्या टूर्मलीनचा आडवा छेद फुगीर त्रिकोणी असतो, अक्वामरीनचा षटकोनी. माळांच्या मण्यांत रंग भरलेला असू शकतो. कापसाला नेलपॉलिश काढायचं ॲसिटोन लावून भोकाच्या कडेला चोळा, कापूस निळा झाला तर विषय संपला.

मिळतो कुठे

दख्खनच्या बेसाल्टात शोधू नका. तो लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वर येऊन थिजला, पुन्हा कधी खोल गाडला गेला नाही, आणि चिकणमातीइतकं मोकळं ॲल्युमिनियमही त्यात नाही. पण महाराष्ट्र म्हणजे फक्त बेसाल्ट नव्हे. पूर्व विदर्भात लाव्ह्याची चादर संपते आणि खालचे फार जुने रूपांतरित खडक उघडे पडतात. भंडारा जिल्ह्यात साकोलीच्या बाजूला कायनाइट आणि सिलिमनाइटचे साठे आहेत. हा माल मुख्यतः भट्टीच्या विटांसाठी. ११०० अंशांच्या पुढे तापवलं की कायनाइटचं मुलाइट होतं आणि ते फुगतं. मुलाइट प्रचंड उष्णता सोसतं. आपल्याला रांगोळीतला निळा मिळेल या आशेने तिथे गेलात तर करडे, गुंतलेल्या पात्यांचे जड गोळे बघून परत याल. माझ्या मते एक तरी असा करडा गोळा संग्रहात हवाच. तो नुसता उचलला तरी घनता म्हणजे काय हे मनगटाला कळतं.

झारखंडच्या सिंहभूम पट्ट्यातला लाप्सा बुरू हा त्याहून नामांकित. बुरू म्हणजे तिथल्या मुंडारी-हो बोलींत डोंगर. हिमालयात जोशीमठ-बद्रीनाथ रस्त्याच्या बाजूच्या शिस्टमध्ये कायनाइट दिसतो, आणि गंमत म्हणजे तिथे डोंगर चढत जावं तशी खडकांनी सोसलेली उष्णता वाढत जाते, कारण खोलवरचा गरम थर थंड थरावर चढून बसला आहे. यात्रेला जाणाऱ्याने दरड कोसळलेल्या कडेपासून लांब राहून, रस्त्यालगतचे दगड नुसते पाहावेत.

परदेशी नमुन्यांत रत्नासारखा गडद निळा नेपाळचा, मोठी पाती ब्राझीलच्या मिनास जेराइसची. पण एकच विकत घ्यायचा तर स्वित्झर्लंडच्या तिचिनोमधल्या पित्सो फोर्नोचा बघा: दुधासारख्या पांढऱ्या अभ्रकात निळा कायनाइट आणि तपकिरी स्टॉरोलाइट शेजारी शेजारी, कित्येकदा एकमेकांना समांतर चिकटून वाढलेले. झिओलाइटवाल्यांना रूपांतरित खनिजांची गोडी लावायला याच्याइतकं चांगलं काही नाही.

स्वतः गोळा करायचा असेल तर

खाणपट्टा असेल तिथे लेखी परवानगी, राष्ट्रीय उद्यानात आणि अभयारण्यात दगडाला हात नाही. परवानगी मिळाली तरी उभ्या खडकावर घण घालण्यापेक्षा खाणीबाहेरच्या टाकाऊ ढिगात शोधा. पहिल्या मोठ्या पावसानंतर जा. धूळ धुतलेली असते आणि ओलं अभ्रक लांबून चमकतं.

हातोडी भूवैज्ञानिकाची, चष्मा अनिवार्य. सुताराची हातोडी दगडावर मारली तर तिचाच टवका डोळ्यात जाऊ शकतो. शिस्टला ज्या दिशेने पापुद्रे सुटतात त्या दिशेने छिन्नी लावा, आणि कायनाइटपासून निदान चार बोटं लांब. पातं मोकळं करायच्या फंदात पडायचं नाही. भोवतीच्या दगडासकट, मुठीपेक्षा मोठा तुकडा आणा, घरी गेल्यावर कमी करता येतो. आधी टिश्यू, मग वर्तमानपत्र, मग डब्यात असा बसवा की हलणार नाही. आणि पिशवीत घालण्याआधी त्यावर ठिकाण लिहा. घरी जाऊन लिहू म्हणणाऱ्यांच्या घरी बिननावाच्या दगडांची टोपली असते. माझ्याकडे दोन आहेत.

धुणं

कोमट पाणी, मऊ दातघासणी, भांड्यांच्या साबणाचा एक थेंब. घासायचं ते पात्याच्या लांबीच्या दिशेने. सोनाराकडचं अल्ट्रासॉनिक यंत्र आणि वाफ दोन्ही वर्ज्य, कंपनांनी पाटनाच्या भेगा उघडतात. उन्हात तापलेल्या नमुन्यावर थंड पाणी ओतू नका. तांबूस डागांसाठी लोक ऑक्झॅलिक आम्ल वापरतात. कायनाइटला ते फारसं काही करत नाही, पण ते विषारी आहे, आणि दगडात कॅल्साइट असेल तर त्याचं नुकसान होतं. हातमोजे, मोकळी हवा आणि आधी कोपऱ्यावर चाचणी, एवढी तयारी नसेल तर डाग राहू द्या. डागही त्या खडकाच्या आयुष्यातलाच आहे.

धुतल्यावर अभ्रकाचे पापुद्रे पाणी धरून बसतात. पंख्याखाली दोन दिवस ठेवा, हेअर ड्रायर नको.

विकत घेताना

पात्याच्या बुडाशी बघा. दगडात ते कुठून शिरतं तिथे अभ्रक पात्याला बिलगलेलं दिसलं पाहिजे. बुडाभोवती गुळगुळीत, चकचकीत वलय असेल तर सुटं पातं खळगा करून चिकटवलं असण्याची शक्यता मोठी. अतिनील टॉर्च खिशात ठेवा. अनेक चिकट द्रव्यं त्याखाली निळसर-पांढरी चमकतात. विक्रेत्याला विचारून, दुकानातच तपासा. तुटून जोडलेलं पातं घ्यायला हरकत नाही, मात्र ते त्याने आधी सांगितलेलं हवं आणि किंमत त्याप्रमाणे.

पूर्ण टोकाचा स्फटिक मागितला की किंमत दुप्पट-तिप्पट होते. घन खडकात वाढलेल्या पात्याला टोक क्वचितच लाभतं, तेव्हा ती मागणीच जरा अवास्तव. त्याच पैशात गार्नेट, स्टॉरोलाइट, कायनाइट तिन्ही एकत्र असलेला शिस्ट मिळत असेल तर तो घ्या.

चिठ्ठीशिवाय मात्र काही घेऊ नका. ‘कायनाइट, ब्राझील’ ही चिठ्ठी नव्हे. राज्य, गाव किंवा खाण, सोबतची खनिजं, घेतल्याची तारीख. विक्रेत्याची मूळ चिठ्ठी फाटकी असली तरी फेकू नका, आपली तिच्या पाठीमागे जोडा. चिठ्ठी हरवू शकते, म्हणून दगडाच्या खालच्या बाजूला पांढऱ्या रंगाचा छोटा ठिपका देऊन त्यावर क्रमांक लिहा आणि तोच वहीत. कपाटात पातं आडवं, खाली फोम, आणि क्वार्ट्झ किंवा गार्नेटच्या सुट्या दगडांपासून वेगळ्या खणात. लांबीच्या दिशेने ते किती मऊ आहे हे चाकूने आपल्याला आधीच दाखवलेलं आहे.